तिसरी तार

दिवा लागला की जोडणी झाली, असं आपण सगळेच धरून चालतो. मांडवात फोकस टांगला, विहिरीवरची मोटर सुरू झाली, नव्या बोर्डावर पंखा फिरला की वायरमनकडे आणखी पुरावा कुणी मागत नाही. बहुतेक वेळा मागण्याची गरजही पडत नाही. पण कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं ते छोटं घर, संध्याकाळी कुणाच्या तरी बोर्डाला किंवा जनरेटरला जोडताना नेमका हाच पुरावा दगा देतो. दिव्याला लागतात दोन तारा, फेज आणि न्यूट्रल. माणूस वाचतो तो तिसऱ्या तारेवर, अर्थवर. ती तार मध्येच तुटलेली असो, मुळात टाकलेलीच नसो किंवा भलत्याच ठिकाणी जोडलेली असो, दिवा तितकाच लख्ख लागतो, एसी तितकाच गार वारा देतो आणि फोन तितक्याच वेळात चार्ज होतो. वीज आली आहे यावरून ती सुरक्षितपणे आली आहे असं ठरत नाही; ते वेगळं तपासावं लागतं, आणि कॅम्परच्या बाबतीत दर मुक्कामाला नव्याने तपासावं लागतं. पुढच्या पानांतले आराखडे, तक्ते आणि सूचना या एकाच म्हणण्याचा विस्तार आहेत, म्हणून ते म्हणणं इथेच नीट मांडून ठेवतो.

घराची वायरिंग एकदा होते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. तिच्यात दोष असेल तर तो कधीतरी ध्यानात येतो, दुरुस्त होतो. निदान ‘या नळाला हात लावला की मुंग्या येतात’ हे घरातल्यांना ठाऊक तरी होतं. कॅम्परला अशी कायमची, ओळखीची वायरिंग नसते. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं, आणि कोकण किनाऱ्यावर नि घाटमाथ्यावर अशा गाड्या दिसू लागल्या. मात्र त्यांच्यासाठी खास बांधलेले तळ मोजके. त्यामुळे आज तारकर्लीच्या निवाऱ्यातला भिंतीवरचा सॉकेट, उद्या भंडारदऱ्याच्या रिसॉर्टच्या मागचा गिझरचा पॉइंट, परवा एखाद्या शेतघराचा मोटरचा बोर्ड, असा या गाडीचा वीजप्रवास होतो. प्रत्येक ठिकाणचा वायरमन वेगळा, त्याची शिस्त वेगळी, आणि काही ठिकाणी तर वायरमन आलाच नव्हता. मांडववाल्याच्या पोऱ्याने सॉकेटच्या दोन भोकांत वायरीची उघडी टोकं घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचल्या आणि काम भागवलं. त्या जुगाडात तिसऱ्या भोकाचा कुणी विचारही करत नाही.

या बाबतीत सगळ्यांत आधी ऐकू येणारा आक्षेप म्हणजे, गाडी रबराच्या टायरवर उभी आहे, मग शॉक बसेलच कसा? प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याचं उत्तर उलट्या बाजूला जातं. गाडी जमिनीपासून अलग आहे, म्हणूनच तिच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत उतरत नाही. ती तिथेच थांबते, कुणीतरी वाट करून देईपर्यंत. आत बसलेल्याला काही होत नाही, कारण त्याच्या हाताखालचं आणि पायाखालचं सगळं एकाच दाबावर असतं. धोक्याची जागा दाराच्या पायरीपाशी. पावसाने भिजलेल्या गवतावर अनवाणी पाय, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसरा हात दाराच्या ॲल्युमिनियमच्या मुठीवर: त्या क्षणी पत्रा आणि जमीन यांच्यामधली तार तो माणूस असतो. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर इतका प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसाला तार सोडता येण्याची मर्यादा मोजली होती; सरासरी पुरुषासाठी ती १६ मिलिअँपिअर आणि स्त्रीसाठी साडेदहाच्या आसपास निघाली. म्हणजे मूठ सुटणं जिथे थांबतं त्याच्या कितीतरी पट पुढचा हा आकडा आहे. अमेरिकेत गाडीच्या अशा जिवंत झालेल्या पत्र्याला ‘हॉट स्किन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला खास नाव नाही. ‘जरा करंट मारतंय’ एवढंच म्हणून माणसं चप्पल घालून आत जातात. खरं तर त्या झिणझिण्या हीच सूचना असते. चार्जर, टीव्ही, एसी यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज नेहमीच पत्र्याकडे झिरपत असते आणि अर्थच्या तारेने निमूट निघून जाते. ती हाताला जाणवू लागली म्हणजे तिची नेहमीची वाट बंद झालेली आहे. उद्या गिझरचा एलिमेंट फुटला किंवा एखादी वायर पत्र्याला घासून सोलवटली, तर याच वाटेने झिणझिण्या येणार नाहीत, सगळीच वीज येईल.

मग जमिनीत एक गज ठोकावा, त्याला वायर बांधावी, झालं अर्थिंग, असा दुसरा आक्षेप येतो. याचं उत्तर ओहमच्या नियमात आहे आणि ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. मार्च-एप्रिलमधला मुरूम, खाली काळा कातळ, किंवा कोकणातला कोरडा जांभा यात चार फुटांचा एक गज ठोकला तर त्याचा जमिनीशी रोध ५० ओहमपेक्षा कमी येणं ही नशिबाचीच गोष्ट. ५० धरला तरी फेज पत्र्याला टेकल्यावर त्या वाटेने जाणार ४.६ अँपिअर. सॉकेटमागे बसवलेला १६ अँपिअरचा एमसीबी या प्रवाहाला कधीच पडणार नाही. त्याच्या लेखी तो एका गिझरपेक्षाही कमी भार आहे. पत्रा मात्र जवळजवळ पूर्ण दाबावर राहील. इमारतीच्या अर्थिंगसाठी खोल खड्डा खणून त्यात मीठ नि कोळसा भरतात, उन्हाळ्यात पाणी ओततात, ते उगाच नाही. पण एका रात्रीच्या मुक्कामाला खड्डा कोण खणणार? म्हणूनच गजाच्या जोडीला आरसीसीबी लागतो. तो भार मोजत नाही. फेजने किती गेलं आणि न्यूट्रलने किती परत आलं यातला फरक मोजतो, आणि तो ३० मिलिअँपिअरवर गेला की काही मिलिसेकंदांत दोन्ही तारा तोडतो. या कल्पनेला अमेरिकेत घराघरांत नेणारं रूप १९६१मध्ये डॅलझिएल यांनीच दिलं. तिथली यंत्रं तर सुमारे ५ मिलिअँपिअरलाच तुटतात. गज आणि आरसीसीबी एकत्र असतील तर ते ५० ओहमही पुरतात, कारण तोडायला आता ४.६ अँपिअर सोडाच, त्याचा शंभरावा हिस्साही जास्तच आहे.

इथवर आल्यावर वाचक म्हणेल, मग गाडीत आरसीसीबी बसवून घ्या आणि विषय मिटवा. गाडीत तो हवाच, त्यावर दुमत नाही. पण तो कशाकडे बघतो हे विसरलं की तोही त्या लागलेल्या दिव्यासारखाच खोटा दिलासा देतो. त्याच्या आतून जातात फेज आणि न्यूट्रल. तिसरी तार त्याला वळसा घालून थेट पत्र्यावर जाते. तो तिला मोजत नाही आणि तोडतही नाही. आता एक फार सर्रास दिसणारी खोड बघा. जागेवर अर्थिंग नाही, पण गिऱ्हाइकाला तीन पिनी हव्यात, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या टोकातून बोटभर तुकडा काढून तो अर्थच्या टोकाला जोडतात. मीटरवर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की गाडीतल्या चालू दिव्या-पंख्यांमधून आलेली फेज त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर येते. याहून वाईट म्हणजे, त्याच सॉकेटला मागून येणाऱ्या दोन तारा उलटसुलट असतील तर काहीही न तुटता, पहिल्या क्षणापासून पत्रा फेजवर असतो. गाडीतला आरसीसीबी गप्प राहील, कारण ती वीज त्याच्यातून आलेलीच नाही. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरही ‘सर्व बरोबर’ दाखवेल, कारण तो फक्त तीन भोकांमधले आपापसातले फरक पाहतो आणि ते फरक बरोबर आहेत. अख्खा सॉकेट जमिनीच्या संदर्भात उलटा आहे हे त्याला दिसत नाही. या एका चुकीला पकडणारं हत्यार गंमत म्हणजे सगळ्यांत जुनं आणि स्वस्त आहे: वायरमनच्या खिशातला निऑनचा टेस्टर. तो अर्थच्या, म्हणजे वरच्या मोठ्या भोकात धरायचा. तिथे किंचितही उजेड दिसला तर प्लग हातातच ठेवायचा.

न्यूट्रल आणि अर्थ शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशी एकच असतात, मग दारात जोडले तर काय बिघडलं, हा युक्तिवाद शिकलेल्या माणसांकडूनही येतो. पक्क्या इमारतीपुरता त्यात काही अर्थ आहे; अनेक देशांत तसा पुरवठा रीतसर दिलाही जातो. ब्रिटनमध्ये तो फार रूढ आहे. तरीही तिथल्या वीजपुरवठा सुरक्षेच्या २००२च्या नियमावलीने अशा न्यूट्रलवर आधारलेला अर्थ कॅराव्हॅन आणि बोट यांच्या धातूच्या भागांना देण्यास वीजवितरकांना बंदी घातली. इमारतीत पाण्याचे नळ, लोखंड, फरशी असं सगळं एकमेकांना बांधून घेता येतं. न्यूट्रल तुटला तरी आतला माणूस एकाच दाबाच्या पिंजऱ्यात असतो. कॅराव्हॅनबाहेर उभा असलेला माणूस त्या पिंजऱ्याबाहेर, थेट मातीवर असतो. म्हणून तिथल्या तळांवर वेगळा गज आणि त्याला आरसीसीबीची जोड अशी व्यवस्था असते. एखाद्या देशाने घराला चालणारी गोष्ट गाडीला कायद्याने नाकारावी, यापेक्षा कॅम्परचं वेगळेपण सांगणारा दुसरा दाखला मला सुचत नाही.

न्यूट्रल जाणं हा प्रकार आपल्याकडे शब्दांतच मुरलेला आहे. ‘रात्री न्यूट्रल गेला आणि चाळीतले सगळे टीव्ही उडाले’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डीपीवर तीन फेज असतात, दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या वर असतो, आणि न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी त्यावरची उपकरणं त्या दाबाकडे सरकतात. अमेरिकेत राहणारी, सुटीत आरव्ही, म्हणजे तिकडचा कॅम्पर, भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं मानतात की तिकडे हे नसतं. असतं, फक्त रूप वेगळं. तिथल्या तळांवरच्या खांबावर ५० अँपिअरचा मोठा सॉकेट १२० व्होल्टच्या दोन वाटा आणि मध्ये एक न्यूट्रल असा असतो, एकूण १२,००० वॉट. तो न्यूट्रल सैल झाला की एका बाजूचा मायक्रोवेव्ह मंदावतो आणि दुसऱ्या बाजूचा फ्रिज जळतो. त्याहून फसवा आहे तो तीन पिनी ३० अँपिअरचा सॉकेट. तो १२० व्होल्टचा, ३,६०० वॉटचा. पण घरात कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी लागणारा ३० अँपिअरचा सॉकेट २४० व्होल्टचा असतो, आणि आरव्हीची सवय नसलेला इलेक्ट्रिशियन, कामात कितीही तरबेज असला तरी, घराच्या अंगणात आरव्हीसाठी पॉइंट काढताना ‘३० म्हणजे २४०’ असं धरून तशी जोडणी करतो. प्लग बरोबर बसतो. पहिल्या मिनिटात कन्व्हर्टर, टीव्ही, मायक्रोवेव्ह सगळं जातं. प्लग बसला म्हणजे जमलं, हे लागलेल्या दिव्याचंच अमेरिकन भावंड.

आता जनरेटर. इथे आक्षेप बरोबर उलटा असतो: ही वीज आपली, कुणा अनोळखी वायरमनचा हात तिला लागलेला नाही. दोन किलोवॉटच्या आसपासच्या अनेक सुट्या जनरेटरांत आतलं वेटोळं जनरेटरच्या चौकटीला कुठेच जोडलेलं नसतं. त्याला तरंगता न्यूट्रल म्हणतात. एकच दोष असेल तर अशा यंत्राने शॉक बसत नाही, आणि लोकांचा विश्वास बसतो तो इथेच. पण तो पहिला दोष कुणालाच कळत नाही, कारण काहीच पडत नाही, काहीच विझत नाही. आता एक तार पत्र्याला टेकलेली आहे आणि यंत्र निवांत चालू आहे. दुसरी तार दुसऱ्या जागी सोलवटली की मधला माणूस थेट दोन तारांच्या मध्ये येतो, आणि आरसीसीबीच्या हिशेबाने गेलेलं आणि आलेलं सारखंच असतं. त्याच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून लोक खात्री करून घेतात. आरसीसीबी खाडकन पडतोही. पण ते बटण आतल्या आत एका रोधातून फरक निर्माण करून यंत्रणा हलते का एवढंच पाहतं, बाहेर अर्थची वाट आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून तरंगत्या जनरेटरला, निर्मात्याच्या पुस्तिकेत मुभा असेल तर, न्यूट्रल आणि चौकट एका ठिकाणी जोडून घ्यावी लागते आणि तिथून तिसरी तार गाडीपर्यंत आणावी लागते. हा जोड जनरेटरच्या बाजूच्या प्लगमध्येच असावा, गाडीच्या बोर्डात कधीच नाही. गाडीत केला तर उद्या रिसॉर्टच्या विजेला जोडल्यावर तो दुसरा जोड ठरेल, न्यूट्रलचा काही प्रवाह पत्र्यावरून वाहू लागेल आणि तिथला आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत राहील. मग तो काढून टाका, असं कुणीतरी सुचवणारच.

जनरेटरचा दुसरा धोका विजेचा नाहीच, तरी तो याच कुळातला आहे. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांसह झालेल्या तपासात निघालं ते असं: एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत आला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गारवा मिळत होता, दिवे लागत होते; जागं होण्यासारखं काहीच घडत नव्हतं. सुटे जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर ठेवावेत आणि धूर घराच्या उलट दिशेला सोडावा, असं अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो. गाडीच्या डिकीतच बसवलेल्या जनरेटरला ही सोय नाही. तिथे तळातलं प्रत्येक भोक, वायर जाण्यासाठी पाडलेलंसुद्धा, बुजवलेलं हवं आणि झोपण्याच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. शेजारी दुसऱ्याची गाडी जनरेटर लावून उभी असेल तर तिचा धूरही आपलाच समजावा.

इतकं सगळं दर मुक्कामाला कोण करणार, हा शेवटचा आणि सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप. करायचं काम खरं तर पाच मिनिटांचं आहे. गाडीचा मेन बंद, सॉकेटचं बटण बंद. वरच्या भोकात टेस्टर. मग बटण चालू करून मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ७० किंवा ११० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर ती तार कुठेही पोहोचलेली नाही. डिजिटल मीटर हवेतल्या तारेवरही आकडा दाखवतो. गज आणि तळावरचा अर्थ कसे मोजायचे, टेस्ट लॅम्प वायरमनच्याच हाती का द्यावा, हे तिसऱ्या प्रकरणात आहे. केबल २.५ चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळलेली केबल भाराने आतल्या आत तापते. लग्नाच्या मांडवातली १ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर १० अँपिअरला २२ व्होल्ट वाटेतच खाते, मग एसीचा कॉम्प्रेसर कण्हतो आणि दोष रिसॉर्टवर जातो. जोडताना बटण पुन्हा बंद करून आधी प्लग गाडीला, मग सॉकेटला, मग बटण. निघताना बरोबर उलट.

खरी अडचण तपासण्याची नाही, तपासणी नापास झाल्यावर ‘नको’ म्हणण्याची आहे. पाहुण्याने यजमानाचा सॉकेट तपासायचा, हेच आपल्याला अवघड वाटतं; त्यात मॅनेजर म्हणतो, काल इथे एक मोठी गाडी होती, काही झालं नाही. काल गवत कोरडं असेल. वाद घालण्यात अर्थ नाही; ती रात्र बॅटरीवर काढावी. गाडीतल्या १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले निम्मे, म्हणजे ५०, निश्चिंतपणे वापरता येतात. छोटा पंखा २ अँपिअर, दोन एलईडी मिळून १, असे नऊ तास धरले तर २७. फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण ४ अँपिअर घेतो आणि निम्मा वेळच चालतो, म्हणजे आणखी १८. एकूण ४५. एसी या हिशेबात बसत नाही. खिडक्या उघडाव्या लागतील आणि मच्छरदाणी लावावी लागेल.